झेनर लावूनही जळणारं इनपुट : वार्पिंग मशिनच्या मीटर-काउंटरचं प्रकरण

इचलकरंजीतल्या एका वार्पिंग खात्यात (जिथे मागासाठीचे धागे बीम नावाच्या मोठ्या रिळावर गुंडाळतात) बीमवर किती मीटर सूत गेलं हे मोजणारा काउंटर होता. रचना साधी. मोजणीच्या रोलरजवळ प्रॉक्सिमिटी सेन्सर, मशिनच्या कडेला पावडर कोटिंग केलेली पत्र्याची पेटी, दारावर सात-खंडी आकड्यांचा डिस्प्ले आणि धातूची दोन बटणं : सुरू आणि शून्य. तिसरं बटण 'थांब'चं. ते क्रीलच्या (सुताचे कोन लावलेल्या चौकटीच्या) बाजूला, चार मीटर शील्डेड केबलच्या टोकाला. खात्यात कॉटन चालत होतं तोवर काउंटरची तक्रार नव्हती. पुढे पॉलिस्टरची ऑर्डर लागली, हवा कोरडी पडली आणि बीम भरत असतानाच आकडा मध्येच शून्यावर येऊ लागला.

वार्पिंगमध्ये हे नुसतं गैरसोयीचं नसतं. हजारभर मीटरच्या बीममध्ये आकडा सातशेच्या आसपास उडाला, की किती सूत गेलं याचा हिशेबच राहत नाही. मग बीम अंदाजाने भरायचा, आणि अंदाज चुकला की मागावर तो बीम बाकीच्यांच्या आधी संपतो.

आधी संशय वीजपुरवठ्यावर गेला. एसएमपीएस बदलला, पुढे लाइन फिल्टर लावला. फरक शून्य. मग मायक्रोकंट्रोलर (मोजणी करणारी चिप) बदलला. काही दिवस ठीक चाललं, पुन्हा तेच. मग कुणीतरी बटणाच्या इनपुटवरचा अर्ध्या वॉटचा झेनर (व्होल्टेज ठरावीक आकड्याच्या वर चढू न देणारा डायोड) काढून एक वॉटचा लावला. त्यानेही काही झालं नाही, आणि इथेच प्रकरण खरं रंगतं. कारण दोषी होती स्थिर विजेची ठिणगी, आणि तिच्यापासून संरक्षणाचा घटक, म्हणजे झेनर, कार्डवर पहिल्या दिवसापासून होता. फक्त तो जिथे हवा तिथे नव्हता.

कार्डवर काय होतं

एकपदरी पीसीबी, सॉकेटमध्ये एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, त्याला ठेका देणारा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, ५ व्होल्टसाठी ७८०५ रेग्युलेटर. सेन्सर २४ व्होल्टचा, त्याचं इनपुट २.२ किलोओहम रेझिस्टर आणि पीसी८१७ ऑप्टोकपलरमधून (विजेचा जोड न ठेवता प्रकाशाने सिग्नल पोचवणाऱ्या घटकातून) आलेलं. बटणांची तिन्ही इनपुटं मात्र सरळ चिपवर : कनेक्टरपासून ७० मिलिमीटर ट्रॅक, शेवटी चिपला चिकटून ५.१ व्होल्टचा झेनर, झेनरची दुसरी बाजू ४० मिलिमीटर लांबीच्या बारीक ट्रॅकने पुरवठ्याच्या ग्राउंडला. सीरिज रेझिस्टर नाही. पुलअप (बटण सोडलेलं असताना पिन ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) चिपच्या आतला, म्हणजे २० ते ५० किलोओहम. चार मीटर केबलचं शील्ड पिळून, पाचेक सेंटिमीटरची शेपटी करून, कार्डच्या शून्य व्होल्ट टर्मिनलमध्ये खुपसलेलं.

सेन्सरच्या ऑप्टोकपलरला एवढ्या काळात कधी काही झालं नाही. हा योगायोग नव्हता, पण त्याकडे नंतर येऊ.

तीन लक्षणं, तीन वेगळी दुखणी

तक्रार एकच असली तरी कार्डं नीट पाहिल्यावर तीन वेगळे प्रकार दिसले आणि ते एकत्र मोजल्यामुळेच आधीचा तपास भरकटला होता.

पहिला प्रकार, नुसता रीसेट. आकडा शून्य होतो, पुढे काम सुरळीत. रीसेट कशामुळे झाला हे चिप स्वतः सांगते. एमसीयूएसआर नावाच्या रजिस्टरमध्ये चार बिट असतात : पुरवठा नव्याने आला, बाहेरून रीसेट झाला, व्होल्टेज घसरलं, की वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर चिप पुन्हा सुरू करणारा टायमर) सुटला. प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत हे रजिस्टर वाचून डिस्प्लेवर दाखवलं, तेव्हा 'बाहेरून रीसेट' हाच बिट पुन्हापुन्हा आला. पुरवठा निर्दोष सुटला. (आर्डुइनोचा बूटलोडर, म्हणजे चिपमध्ये प्रोग्राम उतरवणारा छोटा प्रोग्राम, वापरत असाल तर तो हे रजिस्टर आधीच पुसून टाकतो आणि मग तुम्हाला कायम शून्य दिसतं. चिप प्रोग्रामरने थेट भरली तरच या वाचनाला अर्थ आहे.)

दुसरा प्रकार, कार्ड गोठतं आणि चिप हाताला गरम लागते. पुरवठा बंद-चालू केला की सगळं ठीक. हे लॅच-अप. सीमॉस चिपच्या आत पुरवठा आणि ग्राउंडच्या मध्ये एक नकोसा थायरिस्टर दडलेला असतो. पिनवरचं व्होल्टेज पुरवठ्याच्या वर किंवा ग्राउंडच्या खाली जाऊन आत पुरेसा करंट घुसला की तो चालू होतो आणि पुरवठा तोडल्याशिवाय बंद होत नाही. ७८०५ करंटला मर्यादा घालतो म्हणून चिप वाचते, एरवी जळते.

तिसरा प्रकार कायमचा. बटण सोडलेलं असतानाही दाबल्यासारखं वाटतं, किंवा कधी वाटतं, कधी नाही. इथे मल्टिमीटर पुरतो. चिप काढून, त्या पिनला बाहेरून १० किलोओहमने ५ व्होल्ट द्यायचे. चांगल्या पिनची गळती १ मायक्रोअँपियरच्या आत असते, त्यामुळे पिनवर जवळपास पूर्ण ५ व्होल्ट दिसायला हवेत. दुखावलेल्या पिनवर ३.२ व्होल्ट आले, म्हणजे ती १८० मायक्रोअँपियर गळते आहे. पिन 'हाय' धरली जाण्याची हमी पुरवठ्याच्या ०.६ पट, म्हणजे ३ व्होल्टपासून वर असते. आतल्या पुलअपवर अशी पिन त्या रेषेच्या खूप खाली जाते. हे मापन चिप आणि झेनर दोघांसाठी वेगवेगळं करावं, कारण एका कार्डवर चिप धडधाकट होती आणि झेनरच शॉर्ट झाला होता. 'झेनर वाचवतो' असं म्हणताना तो स्वतः शॉर्ट होऊन बटण कायमचं दाबून ठेवू शकतो हे विसरलं जातं.

दर मिलिमीटरला ३७ व्होल्ट

ठिणगी कुठून येते हे सांगायला वेळ नको. प्रमाणित हवेत कॉटनमध्ये सुमारे ८.५ टक्के ओलावा राहतो, पॉलिस्टरमध्ये ०.४ टक्के. ओल्या धाग्यावरून भार निघून जातो, पॉलिस्टरवर तो साठतो. धागा गाइडवरून, फणीतून घासत जातो, कामगार क्रीलमध्ये तुटलेला धागा जोडून रबरी चप्पल घालून परत येतो आणि धातूच्या बटणाला बोट लावतो. चटका जाणवला म्हणजे साधारण ३ किलोव्होल्टच्या वरचा. त्याखालचे झटके माणसाला कळतच नाहीत, चिपला मात्र कळतात.

अशा ठिणगीचं प्रमाणित रूप आयईसी ६१०००-४-२ मध्ये आहे : १५० पिकोफॅरडचा कपॅसिटर ३३० ओहममधून सोडायचा. ८ किलोव्होल्टला पहिलं शिखर ३० अँपियरचं, आणि ते ०.८ नॅनोसेकंदात उभं राहतं. ३० नॅनोसेकंदाला १६ अँपियर, ६० नॅनोसेकंदाला ८ अँपियर. चिपच्या कागदपत्रांत जो '२ किलोव्होल्ट, ह्युमन बॉडी मॉडेल' असा आकडा सापडतो तो वेगळ्या चाचणीचा : १०० पिकोफॅरड, १५०० ओहम, शिखर फक्त १.३ अँपियर. ती चाचणी कारखान्यात चिप हाताळताना ती मरू नये यासाठी आहे. तिच्या भरवशावर बटणाची वायर पेटीबाहेर काढणं म्हणजे छत्रीच्या भरवशावर पुरात उतरणं.

आता ३० अँपियर ०.८ नॅनोसेकंदात, म्हणजे दर नॅनोसेकंदाला ३७.५ अँपियर. बारीक ट्रॅकचं इंडक्टन्स ढोबळमानाने मिलिमीटरला १ नॅनोहेन्री. दोन्हींचा गुणाकार केला की ट्रॅकच्या प्रत्येक मिलिमीटरवर ३७ व्होल्ट उभे राहतात. हा एकच आकडा लक्षात ठेवला तर पुढचं सगळं उलगडतं. झेनरच्या ग्राउंडकडच्या ४० मिलिमीटर ट्रॅकवर त्या क्षणी १५०० व्होल्ट. झेनर आपले पाच-सात-दहा व्होल्ट प्रामाणिकपणे धरून बसलेला, पण तो स्वतःच पंधराशे व्होल्टच्या माचीवर चढलेला आणि चिपची पिन त्याच माचीला बांधलेली. झेनर एक वॉटचा करा नाहीतर पाच वॉटचा, माची तेवढीच उंच.

त्याआधीच्या ७० मिलिमीटर ट्रॅकने आणखी एक उद्योग केला. तो क्रिस्टलच्या आणि रीसेटच्या ट्रॅकला समांतर गेलेला होता. ठिणगीचा करंट त्यातून धावताना शेजारच्या ट्रॅकमध्ये झटका उमटतो. म्हणजे संरक्षण चिपजवळ ठेवल्याने ठिणगीला कार्डाच्या मध्यापर्यंत हात धरून आणलं गेलं.

रीसेट पिनचं वेगळेपण

एटीमेगाच्या इतर पिनांना आत दोन डायोड असतात, एक पुरवठ्याकडे आणि एक ग्राउंडकडे. रीसेटला पुरवठ्याकडचा डायोड नाही, कारण जास्त व्होल्टेजने प्रोग्राम करताना त्याच पिनला १२ व्होल्ट द्यावे लागतात. या कार्डवर रीसेटचा ट्रॅक ६० मिलिमीटर लांब जाऊन प्रोग्रामिंगच्या सहा पिनांना मिळत होता आणि त्याला फक्त आतला ३० ते ६० किलोओहमचा पुलअप. इतका उघडा ट्रॅक म्हणजे अँटेनाच. एमसीयूएसआरमधला 'बाहेरून रीसेट' इथून येत होता.

यावरचा उपाय लहान आहे आणि तो प्रत्येक कार्डवर मुळातच हवा : चिपच्या १ नंबर पिनपासून १० किलोओहम ५ व्होल्टला, १०० नॅनोफॅरड ग्राउंडला आणि एक १एन४१४८, कॅथोड ५ व्होल्टकडे. सगळं पिनला लागून. हा डायोड असताना जास्त व्होल्टेजचं प्रोग्रामिंग करता येत नाही आणि रीसेटवरून डीबग करायचं असेल तर कपॅसिटर काढावा लागतो. शेतात किंवा कारखान्यात बसलेल्या कार्डला या दोन्हींची गरज सहसा पडत नाही.

पेटी, दार आणि शील्ड

दार बिजागरीवर, बिजागरी रंगावर. मल्टिमीटरने दार आणि पेटी यांच्यात अखंड जोड दाखवलाच नाही. त्यामुळे धातूच्या बटणावर पडलेल्या ठिणगीला अर्थिंगकडे जायला वाटच नव्हती. ती बटणाच्या बॉडीवरून आतल्या संपर्कावर उडी मारून वायरमध्ये जात होती. इलाज : दार आणि पेटी दोन्हीकडे रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, तांब्याची विणलेली चपटी पट्टी. गोल हिरवी-पिवळी वायर सुरक्षेच्या अर्थिंगसाठी ठीक, पण या वेगाला तिचं इंडक्टन्स जास्त. पट्टीची लांबी तिच्या रुंदीच्या पाचपटीच्या आत ठेवायची, हा जुना आणि चांगला नियम. शक्य असेल तर दोन पट्ट्या, दोन टोकांना.

शील्डची शेपटी सर्वांत वाईट. क्रीलच्या बाजूला ठिणगी पडली की तिचा करंट शील्डमधून येऊन थेट कार्डच्या शून्य व्होल्टमध्ये ओतला जायचा, म्हणजे चिपच्या पायाखालची जमीनच हलायची. शेपटी कापली. पेटीत शिरतानाच धातूच्या ग्लँडमध्ये (केबल आवळून धरणाऱ्या नटामध्ये) शील्ड चहूबाजूंनी दाबलं, ग्लँडखालचा रंग काढला.

मोजणीच्या रोलरकडेही पाहावं लागलं. त्याचा शाफ्ट बेअरिंगमधून फ्रेमला टेकलेला असतो, म्हणून तो अर्थ आहे असं गृहीत धरलं जातं. फिरताना मात्र बेअरिंगमधला ग्रीसचा पातळ थर शाफ्टला वेगळं पाडतो, भार साठतो आणि तो थर फुटला की ठिणगी. शाफ्टच्या टोकाला घासणारा कार्बन ब्रश लावून तो फ्रेमला जोडला.

जुन्या कार्डांवर केलेली दुरुस्ती

नवं कार्ड आखणं सोपं असतं. बसवलेली कार्डं न बदलता काम करायचं होतं, म्हणून पेटीत केबल शिरते तिथेच ५० बाय ४० मिलिमीटरचा दुपदरी पीसीबीचा तुकडा बसवला. खालचा पदर सलग तांबं, चार कोपऱ्यांत एम३ चे धातूचे स्पेसर, आणि ते खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट. प्रत्येक इनपुटसाठी क्रम असा : टर्मिनल, लगेच टीव्हीएस (झटक्याचं जास्तीचं व्होल्टेज धरून करंट ग्राउंडकडे वळवणारा डायोड), मग १ किलोओहम.

टीव्हीएस म्हणून पीईएसडी५व्ही०एस१बीए घेतला. ५ व्होल्टपर्यंत गप्प, दोन्ही दिशांना चालणारा, १२ अँपियरला सुमारे १४ व्होल्टवर धरणारा. ठिणगीच्या शिखराला तो २० व्होल्टपर्यंत जाईल असं धरून चालू. टीव्हीएसचं ग्राउंड टोक दोन वायांनी (एका पदरातून दुसऱ्यात जाणाऱ्या तांबं लावलेल्या भोकांनी) सरळ खालच्या तांब्यात, एकूण वाट ३ मिलिमीटर. टर्मिनलचा ट्रॅक आधी टीव्हीएसच्या पॅडवर यायला हवा आणि तिथून पुढे रेझिस्टरकडे जायला हवा. टीव्हीएस बाजूला फांदी काढून लोंबता ठेवला तर त्या फांदीचे मिलिमीटर पुन्हा ३७ व्होल्टच्या भावाने मोजावे लागतात.

१ किलोओहमचा रेझिस्टर १२०६ आकाराचा घेतला. त्याहून लहान ०६०३ इथे व्होल्टेजमुळे चालत नाही : त्याची मर्यादा ७५ व्होल्टची, १२०६ ची २०० ची. तरीही रेझिस्टर टीव्हीएसच्या मागेच हवा. पुढे ठेवला तर ८ किलोव्होल्ट त्याच्या दोन टोकांमधून हवेतूनच उडी मारतात आणि रेझिस्टरची किंमत हळूहळू सरकते. पुलअप २.२ किलोओहमचा, टीव्हीएस आणि रेझिस्टर यांच्या मधल्या बिंदूपासून ५ व्होल्टला. त्याने बटणातून सव्वादोन मिलिअँपियर जातात आणि धुळीने, तंतूने माखलेले संपर्कही धरतात. आतला पुलअप इतका दुबळा होता की ते शक्यच नव्हतं.

कार्डवरचे झेनर काढले आणि त्यांच्या जागी नव्हे, तर कार्डच्या खालून, इनपुट पिन आणि चिपची ८ किंवा २२ नंबरची ग्राउंड पिन यांच्यात १०० नॅनोफॅरड, ५० व्होल्टचा एक्स७आर सिरॅमिक कपॅसिटर लावला. त्याचा हिशेब पाहा. टीव्हीएसवर २० व्होल्ट असताना १ किलोओहममधून १५ मिलिअँपियर येतात. १०० नॅनोसेकंदांत ते १.५ नॅनोकुलंब भार आणतात. १०० नॅनोफॅरडवर त्याने १५ मिलिव्होल्ट वाढतात. पिनच्या आतल्या डायोडला चालू व्हायची वेळच येत नाही. टीव्हीएस, रेझिस्टर, कपॅसिटर यांपैकी एकटं कुणीही हे करत नाही. नुसता कपॅसिटर लावायचा विचार असेल तर ८ किलोव्होल्टच्या १.२ मायक्रोकुलंबने १०० नॅनोफॅरडवर १२ व्होल्ट चढतात आणि स्वस्तात १ नॅनोफॅरड लावला तर हजारभर.

छोट्या बोर्डचं तांबं आणि कार्डचं शून्य व्होल्ट यांना एका जाड, आखूड वायरने जोडलं. शून्य व्होल्ट आणि पत्रा यांची गाठ आता फक्त इथे, ठिणगी आत शिरते त्या उंबऱ्यावर. ५ व्होल्टच्या रेषेवर १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक वाढवला, कारण ७८०५ करंट देऊ शकतो, परत घेऊ शकत नाही. भार त्या रेषेत ढकलला गेला तर तो जिरवायला कपॅसिटरच हवा, आणि १.२ मायक्रोकुलंबने १० मायक्रोफॅरड जेमतेम ०.१२ व्होल्ट वर जातो.

पहिल्या प्रयत्नात काय चुकलं

पहिल्या पेटीत टीव्हीएस छोट्या बोर्डवर नव्हताच. तो कनेक्टरवर झाळून त्याची दुसरी बाजू ६० मिलिमीटर वायरने अर्थ टर्मिनलला नेली होती. घटक नेमका, जागा कनेक्टरवर, तरी बटणावर ठिणगी दिली की रीसेट. ६० गुणिले ३७ केलं की उत्तर समोर येतं : सव्वादोन हजार व्होल्ट. जुनीच चूक, फक्त महागड्या घटकाने केलेली.

खात्यातल्या तपासणीसाठी स्वयंपाकघरातला पायझो लायटर वापरला. त्याची ठिणगी प्रमाणित नसते, त्यामुळे 'पास' म्हणायला तो निरुपयोगी. पण आधीचं कार्ड तीन-चार टिचक्यांत रीसेट होत असेल आणि नंतरचं पन्नासात नाही, एवढी तुलना त्यातून चांगली कळते. गॅस किंवा सॉल्व्हंट जवळ नको, हे वेगळं सांगायला नको. नंतर एक पेटी ईएसडी गनखाली (प्रमाणित ठिणगी सोडणाऱ्या यंत्राखाली) नेली : बटणं आणि ग्लँड यांवर टोक टेकवून ४ आणि मग ८ किलोव्होल्ट, डिस्प्लेच्या प्लॅस्टिक काचेवर हवेतून ८ आणि १५. दोन्ही ध्रुवतांना प्रत्येक बिंदूवर दहा-दहा झटके, दोन झटक्यांत किमान एक सेकंद.

बटणांवर आणि ग्लँडवर आकडा हलला नाही. काचेवर १५ ला मात्र डिस्प्ले कोरा झाला, मोजणी आत चालू राहिली. मॅक्स ७२१९ हा डिस्प्लेचा चालक अशा झटक्याने स्वतःची रजिस्टरं विसरतो आणि प्रोग्राम ती फक्त सुरुवातीला भरत होता. दर सेकंदाला सगळी रजिस्टरं नव्याने लिहायला लावल्यावर क्षणभर लुकलुकून आकडा परत येतो. प्रमाणाच्या भाषेत हा 'ब' दर्जा : बिघाड होतो, आपोआप सुधारतो. काउंटरसाठी तेवढं चालतं म्हणून तिथेच थांबलं गेलं.

प्रोग्राममध्ये आणखी दोन बदल. बटण ५ मिलिसेकंदांच्या अंतराने चार वेळा सारखं वाचलं तरच खरं मानायचं, आणि मीटरचा आकडा ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) जपायचा. प्रत्येक मीटरला एकाच जागी लिहिलं तर एक लाख लेखनांची मर्यादा हजार मीटरच्या शंभर बीमांत संपते, म्हणून १०२४ बाइटमध्ये जागा फिरती ठेवली.

ऑप्टोकपलर का वाचला

त्याच्या एलईडीच्या पुढे २.२ किलोओहम आधीपासून होता आणि आत-बाहेरच्या बाजूंमध्ये जेमतेम ०.६ पिकोफॅरड. सेन्सरची केबल फ्रेमला चिकटून गेलेली, माणसाचा हात तिथे पोचतच नव्हता. एक उणीव तरीही होती : पीसी८१७ चा एलईडी उलटे ६ व्होल्टच सोसतो. त्याला उलट जोडलेला एक १एन४१४८ घातला. नवं कार्ड आखताना बटणंही २४ व्होल्टवर, ऑप्टोकपलरमधूनच घेणं जास्त शहाणपणाचं, कारण छोट्या बोर्डवरच्या ५ व्होल्टच्या टीव्हीएसला चुकून २४ व्होल्टची वायर लागली तर तो जळतो. वायरमनच्या हातून ते एकदा तरी होतंच.

दाराच्या पट्टीचे स्क्रू मशिनच्या थरथरीने सैल होतात. दिवाळीनंतर, हवा कोरडी पडायच्या आधी, दार ते पेटी मोजून घ्यायचं. प्रोबचा स्वतःचा रोध वजा करून अर्ध्या ओहमच्या वर गेलं तर वॉशर काढून, पत्रा पुन्हा घासून बसवायचा.